२५४ म्हणजे पांढरं नव्हे

रंगीत फोटो कृष्णधवल करून देणारा फिल्टर हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांचा आवडता उद्योग. गणित सोपं असतं. फोटोतला प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. तिन्ही शून्य असले तर काळा, तिन्ही २५५ असले तर पांढरा. या तीन आकड्यांतून करड्या रंगाची एकच छटा काढायची. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून सरळ सरासरी न काढता प्रत्येक रंगाला वेगळा भार देतात. लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४. हे भार टीव्हीच्या तंत्रातून आलेले आहेत आणि त्यांची बेरीज नेमकी १ होते.

इथे एक जुनी युक्ती वापरतात. दशांशांचे गुणाकार टाळायचे म्हणून भार आधीच २५६ ने गुणून त्यांचे पूर्णांक करून ठेवायचे आणि शेवटी २५६ ने भागायचं. २५६ ने भागणं संगणकाला सोपं जातं. द्विमान संख्येतले शेवटचे आठ अंक सोडले की काम झालं. ०.२९९ चे होतात ७६.५४४, ०.५८७ चे १५०.२७२ आणि ०.११४ चे २९.१८४. सी भाषेत हे आकडे पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये टाकले, की दशांशचिन्हापुढचं सगळं मुकाट गळून पडतं. उरतात ७६, १५० आणि २९.

प्रोग्रॅम चालतो, फोटो झकास दिसतो. पण ७६, १५० आणि २९ यांची बेरीज करून पाहा. २५५ येते, २५६ नाही. गळालेले तीन तुकडे, .५४४, .२७२ आणि .१८४, मिळून बरोब्बर एक होतात आणि तो एक कुठेच जमा झालेला नाही. परिणाम असा, की पांढरा पिक्सेल फिल्टरमधून बाहेर पडतो तेव्हा २५५ चा २५४ झालेला असतो. करड्या रंगाच्या प्रत्येक छटेचं हेच होतं. २०० ची १९९ होते, १०० ची ९९, १ ची ०. काळा तेवढा काळा राहतो, कारण शून्यातून वजा व्हायला काही नसतं.

‘एका अंकाने काय बिघडतं?’ हा प्रश्न इथे कुणीही विचारेल आणि तो वाजवी आहे. माझं उत्तर असं, की चुकीचा आकार आणि चुकीची जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान चुकीला आपण तिच्या आकारावरून माफ करतो आणि जात पाहायची विसरतो. डीबगिंग हे जात ओळखण्याचं काम आहे. ते नजरेने होत नाही, हिशोबाने होतं.

नजरेचं आधी पाहू. डोळा एखादी छटा सुटी मोजत नाही, शेजारच्या छटेशी ताडून पाहतो. सगळं चित्र एका पायरीने खाली सरकलं तर ताडून पाहायला काही उरतच नाही. म्हणून फोटोकडे टक लावून बसल्याने ही चूक कधीच सापडणार नाही, मग स्क्रीन कितीही महागडा असो. उलट, एकच पांढरा पिक्सेल असलेलं चित्र फिल्टरला दिलं आणि आलेला आकडा छापून पाहिला, तर क्षणात सापडते. मोठा, सुंदर, तपशिलांनी भरलेला फोटो चाचणीला सर्वांत निरुपयोगी, कारण त्याचं बरोबर उत्तर काय यायला हवं हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. ज्याचं उत्तर पाटीवर मांडता येतं तेच चाचणीला उपयोगाचं.

‘बरोबर दिसतं’ या दाखल्याची किंमत २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही स्कॅनर-कॉपियर यंत्रांनी दाखवून दिली. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की एका इमारतीच्या नकाशाच्या प्रतीत खोल्यांची क्षेत्रफळं बदललेली आहेत. मूळ नकाशात वेगवेगळे आकडे असलेल्या तीन खोल्या प्रतीत सरसकट १४.१३ चौरस मीटरच्या झाल्या होत्या. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. अक्षरं धूसर झाली असती तर कुणीही प्रत पुन्हा काढली असती. इथे अंक स्वच्छ, ठसठशीत होते. फक्त ते खरे नव्हते.

चुकांमध्ये आरडाओरडा करणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या असा भेद करायला हवा तो यामुळे. फोटोला जुनाट तपकिरी छटा देणारा सेपिया फिल्टर घ्या. त्याचे प्रचलित भार लाल रंगासाठी ०.३९३, ०.७६९ आणि ०.१८९ असे आहेत. बेरीज १.३५१, म्हणजे एकाहून बरीच जास्त. पांढऱ्या पिक्सेलला हे लावलं की लाल येतो ३४५, हिरवा ३०७ आणि निळा २३९. आठ बिटांच्या खणात २५५ च्या वर काही मावत नाही. आकडा २५५ वर थोपवला नाही तर २५६ वजा होऊन उरेल ते खणात पडतं. ३४५ चे ८९ होतात, ३०७ चे ५१. तपकिरी व्हायला निघालेला पांढरा सदरा जांभळट निळा होतो. मूल हसतं, चूक शोधतं आणि पुन्हा कधी विसरत नाही. ही चूक आकाराने प्रचंड, पण निरुपद्रवी, कारण ती लपू शकत नाही. २५४ वाली चूक आकाराने नगण्य आणि म्हणूनच दीर्घायुषी.

ती वाढते कशी, हेही त्याच फिल्टरवर पाहता येतं. करडं झालेलं चित्र पुन्हा त्याच फिल्टरला द्या. प्रत्येक छटा आणखी एकाने उतरते. तिसऱ्यांदा द्या, आणखी एकाने. २५५ फेऱ्यांनंतर पांढराशुभ्र कागद काळाकुट्ट झालेला असतो आणि या सगळ्या प्रवासात एकाही फेरीत डोळ्याला काही जाणवलेलं नसतं. एकच चित्र २५५ वेळा करडं करण्याचा उद्योग कुणी करत नाही, हे मान्य. पण या प्रयोगातून चुकीची जात कळते. ही चूक कधी वर, कधी खाली अशी नाही. ती दरवेळी एकाच दिशेला जाते. दोन्हीकडे जाणाऱ्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. एकाच दिशेच्या चुका साठत जातात.

साठलेली चूक काय करते ते कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने अनुभवलं आहे. तिथे जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून एक नवा निर्देशांक सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर, दिवसाला सुमारे तीन हजार वेळा, तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांशस्थळांपुढचा भाग जवळच्या अंकाकडे न नेता सरळ छाटला जाई. एका वेळचं नुकसान सरासरी अर्ध्या सहस्रांशाचं. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४.८११ वर येऊन पोहोचला होता. नीट हिशोब केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. जवळजवळ दोन वर्षं निर्देशांक बाजाराविषयी उलटंच सांगत राहिला आणि त्या काळातली प्रत्येक बेरीज-वजाबाकी, एकेकटी पाहिली तर, ‘जवळपास बरोबर’ होती.

आता दुरुस्तीकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे असते. पांढऱ्याचा २५४ होतो हे कळल्यावर पहिला मोह असतो शेवटी एक मिळवून टाकण्याचा. पांढरा २५५ होतो, २०० पुन्हा २००. पण काळा, जो आतापर्यंत बरोबर होता, तो शून्याचा १ होतो. रोग एकीकडून निघाला आणि दुसरीकडे बसला. दुसरा मोह अधिक शहाणा दिसतो. भागाकाराआधी १२८, म्हणजे २५६ चे निम्मे, मिळवायचे, म्हणजे छाटण्याऐवजी जवळच्या पूर्णांकाकडे नेल्यासारखं होईल. हे पुस्तकी उत्तर आहे आणि तेही अपुरं पडतं. करून पाहिलं तर १२८ पर्यंतच्या सगळ्या छटा बरोबर येतात आणि १२९ पासून पुढे पुन्हा एक कमी. चित्राचा काळोखा भाग सुधारला, उजेडाचा भाग तसाच राहिला. आता चाचणीला १०० हा आकडा घेणारा म्हणेल चूक गेली, २०० घेणारा म्हणेल आहे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतील.

अर्धी दुरुस्ती पुष्कळदा मूळ चुकीपेक्षा वाईट असते ती यामुळे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेला इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होती. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. चोवीस बिटांनंतरचा भाग छाटला जात होता. सुमारे शंभर तास सलग चाललेल्या यंत्राचं घड्याळ त्यामुळे ०.३४ सेकंदांनी चुकलं. एवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. याच्या आतली गोष्ट आणखी बोलकी आहे. वेळेचं रूपांतर अधिक अचूक करणारा भाग या प्रोग्रॅममध्ये आधीच घातलेला होता, पण तो सगळ्या जागी लावलेला नव्हता. ज्या दोन वेळांची वजाबाकी करायची होती त्या दोन्ही सारख्याच चुकल्या असत्या, तर वजाबाकीत चूक बरीचशी उडून गेली असती. एक सुधारलेली आणि एक न सुधारलेली वेळ यांची वजाबाकी झाली आणि फरक उघड्यावर आला. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचलं ते दुसऱ्या दिवशी.

आपल्या फिल्टरची खरी दुरुस्ती उत्तरात नाही, भारांमध्ये आहे. ७६.५४४ चे ७७ करायचे. ७७, १५० आणि २९ मिळून २५६ होतात. पांढरा पांढरा राहतो, काळा काळा, आणि कोणतीही करडी छटा जागची हलत नाही. चूक जिथे दिसते तिथे ती झालेली नसते, हे डीबगिंगचं पहिलं सूत्र इथे एका ओळीत सिद्ध होतं.

पण ‘जवळच्या पूर्णांकाकडे न्या’ हा सर्वत्र चालणारा नियम समजून कुणी निश्चिंत झाला, तर तोही फसेल. हाय डेफिनिशन टीव्हीच्या मानकात भार वेगळे आहेत: ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२. त्यांना २५६ ने गुणलं तर ५४.४३, १८३.०९ आणि १८.४८ येतात. प्रत्येक आकडा नियमाप्रमाणे जवळच्या पूर्णांकाकडे नेला, तर ५४, १८३ आणि १८. बेरीज पुन्हा २५५! प्रत्येक पाऊल बरोबर आणि मुक्काम चुकीचा. उरलेला एक कुणाच्या तरी पदरात घालावाच लागतो. निळ्याच्या, की हिरव्याच्या? गणित याचं उत्तर आपण होऊन देत नाही. ते कुणीतरी ठरवायचं असतं.

हाच पेच लोकशाहीनेही पाहिला आहे. अमेरिकेत लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना प्रतिनिधिगृहातल्या जागा वाटताना १८८० च्या जनगणनेनंतर असं दिसलं, की सभागृह २९९ जागांचं केलं तर अलाबामाला ८ जागा मिळतात आणि ३०० चं केलं तर ७. एकूण जागा वाढल्या आणि वाट्याची कमी झाली. लबाडी कुणाचीच नव्हती. अपूर्णांक वाटण्याच्या पद्धतीतूनच हे निघालं होतं. म्हणून राउंडिंग हा तांत्रिक तपशील आहे असं मानणं मला पटत नाही. राउंडिंग म्हणजे उरलेलं कुणाला द्यायचं याचा निर्णय. आपल्याकडे कायदा करणाऱ्यांना हे बरोबर कळलं आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १७० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. पैशापैशाचा निर्णय कायद्याच्या कलमात आणि लाखो पिक्सेलांचा निर्णय मात्र कंपायलरच्या मर्जीवर, ही विसंगती आहे. प्रोग्रॅमरने ठरवलं नाही म्हणून निर्णय व्हायचा थांबत नाही. भाषा तो घेऊन मोकळी होते आणि कुणाला कळवत नाही.

न घेतलेले निर्णय असे आणखीही असतात. दोन पिक्सेलांची सरासरी यापेक्षा सोपं काय असेल? पण २०० आणि १०० यांची बेरीज आठ बिटांच्याच खणात केली तर ३०० चे ४४ होतात आणि सरासरी येते २२. यातली गृहीत गोष्ट अशी, की बेरीज मावेल. याच गृहीतकाने फार मोठी माणसं फसली आहेत. जॉन बेंटले यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या गाजलेल्या पुस्तकात बायनरी सर्चचा, म्हणजे क्रमाने लावलेली यादी निम्मी निम्मी करत शोधण्याचा, प्रोग्रॅम बरोबर असल्याची सिद्धता मांडली होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं, की मधली जागा काढण्यासाठी दोन आकडे मिळवून निम्मे करण्याच्या पायरीवर बेरीज मावेनाशी होऊ शकते. जावाच्या अधिकृत लायब्ररीत ती चूक नऊएक वर्षं होती. सिद्धता कागदावरच्या पूर्णांकांना लागू होती. संगणकातले पूर्णांक कुठेतरी संपतात.

शेवटची पायरी याहून खोल आहे. समजा बेरीज मावली, राउंडिंगही चोख झालं. शेजारी शेजारी काळे आणि पांढरे पिक्सेल असलेलं बारीक चौकटींचं चित्र धूसर करायचं आहे. ० आणि २५५ यांची सरासरी १२८ धरली. हिशोबात काडीची चूक नाही आणि तरीही उत्तर चूक आहे. कारण फोटोत साठवलेले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात; डोळ्याच्या सोयीने ते वाकवून ठेवलेले असतात. स्क्रीनवर १२८ चा पिक्सेल पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश देतो. निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ च्या आसपास लागतो. त्यामुळे फोटो लहान किंवा धूसर करणारे अनेक प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बारीक तपशील असलेले भाग गडद करत आले. अशी चूक ताळा घेऊनही सापडत नाही, कारण ताळा घेणाराही तीच सरासरी काढतो. आकडा कशाचा आहे, हा प्रश्न आकडेमोडीच्या आधी विचारावा लागतो.

मग प्रत्येक फोटो-फिल्टर शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणे लिहायचा का? नाही. लग्नाचा फोटो एका पायरीने गडद झाला तर कुणाचंही काही जात नाही आणि वेग हवा असेल तर थोडी अचूकता सोडणं हा रास्त सौदा आहे. माझा आक्षेप सौद्याला नाही, नकळत झालेल्या सौद्याला आहे. ‘इथे मुद्दाम छाटलं आहे, करड्या छटेत जास्तीत जास्त एकाचा फरक पडेल, तो खालच्या दिशेला असेल’ एवढं कोडशेजारी लिहिलेलं असलं की तीच चूक अट बनते. मग हा फिल्टर उद्या क्ष-किरणांच्या किंवा उपग्रहाच्या चित्रांसाठी उचलणाऱ्याला ती अट वाचता येते. फिल्टरला ठाऊक नसतं की आपण कुणाच्या हाती पडणार आहोत.

आपल्या शिक्षणाचा दोष इथे दाखवायलाच हवा. इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला ‘आउटपुट आलं का?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. आउटपुटचा फोटो जर्नलला चिकटला, सही झाली, विषय संपला. ज्या मुलांनी प्राथमिक शाळेत भागाकार केल्यावर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून ताळा घेतला होता, ती कॉलेजात पोहोचेपर्यंत ती सवय विसरलेली असतात, कारण मधल्या वर्षांत कुणी ती मागितलेलीच नसते. आता तर कोड कृत्रिम बुद्धिमत्तेकडूनही लिहून मिळतो, आणि तो नेटका, टिपणांसह, पाहताक्षणी बरोबर वाटावा असा असतो. कोड लिहिणं स्वस्त होईल तितकं तपासणं महाग होणार आहे. ज्याला ७६, १५० आणि २९ यांची बेरीज करून पाहण्याची बुद्धी होईल, त्याचीच किंमत राहील.

म्हणून संगणक शिकवणाऱ्यांना एक मागणं आहे. फिल्टरच्या प्रॅक्टिकलला सुंदर फोटो मागू नका. एक काळा, एक पांढरा, एक मधला करडा आणि एक शुद्ध लाल अशा चार पिक्सेलांचं चित्र द्या. त्यांची उत्तरं विद्यार्थ्याकडून आधी हाताने काढून घ्या, मग प्रोग्रॅम चालवायला सांगा आणि दोन्ही आकडे जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिहून घ्या. फरक आला तर तो का आला, याचं एक वाक्य मागा. गुण त्या वाक्याला द्या.